पायाचा आठवडा

पाच वाजून पाच मिनिटांनी महानंदा मठपतीने गॅसवर पाणी ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या मुलीच्या दंडावरची पट्टी पाहिली. पट्टी बोटाच्या दोन पेरांएवढी, जवळजवळ कातडीच्याच रंगाची होती. तिच्या मधोमध मोहरीच्या दाण्याएवढा दिवा होता, तो हिरवा होता. फोनवर आकडा आला : शिल्लक एकाहत्तर. पाच दहाला तिने तन्मयीला उठवलं. पाच बाराला तन्मयी मोरीत गेली. पाच वीसपर्यंत पाण्याचा आवाज आला नाही, म्हणून महानंदाने आत डोकावलं. पेस्ट लावलेला ब्रश हातात धरून तन्मयी नळाकडे बघत उभी होती.

"तनू, घास की दात."

"हो."

"उपमा करू का पोहे?"

"चालेल."

"काय चालेल?"

"काहीपण."

महानंदाने उपमा केला. तन्मयी तो खात असताना तिने मागे बसून तिची वेणी घातली. फणीत अडकलेल्या केसांचा गुंता तिने बोटावर गुंडाळला आणि मुलीला दिसणार नाही असा पदराच्या टोकात ठेवला. सहा वाजता तन्मयी पाठीवर दप्तर घेऊन जिन्याशी उभी राहिली. खाली गल्लीत तशीच आणखी वीस-पंचवीस मुलं घरांतून बाहेर पडत होती आणि प्रत्येकाच्या मागे उंबऱ्यात एकेक आई उभी होती.

लातूरच्या या गल्लीत आता अख्खी कुटुंबं राहत नव्हती. घरमालकांनी दोन-दोन खोल्यांच्या चार-चार खोल्या केल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत एक आई व एक मूल दोन वर्षांसाठी येऊन राहत होतं. वडील मागे गावी, आपापल्या कामावर. बायका याला 'खोली करणं' म्हणत. महानंदा उदगीरच्या पलीकडल्या एका ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होती. तिने दोन वर्षांची बिनपगारी रजा घेऊन खोली केली होती. तिचा नवरा बसवराज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता. तन्मयी बारावीला होती, आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आठ आठवडे उरले होते.

पट्टी सहा वर्षांपूर्वी आली. शिकवणीच्या शहरांमधून एकामागून एक वाईट बातम्या येत होत्या, तेव्हा सरकारने अध्ययनभाराचा कायदा केला : प्रत्येक विद्यार्थ्याचा ताण मोजायचा आणि तो मर्यादेपलीकडे गेला तर संस्थेने त्याचा अभ्यास थांबवायचा. मोजण्याची सोय विज्ञानाने नुकतीच करून दिली होती. ताण आला की मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात कॉर्टिसॉल सोडतात. त्याचा अगदी सूक्ष्म अंश घामात उतरतो. पट्टीच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सोन्याचे तंतू होते आणि त्यांच्यावर कॉर्टिसॉललाच धरणारे रेणू बसवलेले होते. रेणूने कॉर्टिसॉल पकडलं की तो मुडपतो, तंतूतला विद्युतप्रवाह किंचित बदलतो, आणि दर पाच मिनिटांनी त्याचा आकडा तयार होतो. सुईची गरज नाही, वेदना नाही.

अडचण एवढीच की हे प्रमाण माणसागणिक वेगळं असतं. एकाचं साधं प्रमाण ते दुसऱ्याचं धोक्याचं. म्हणून पट्टी प्रत्येकाला त्याच्याशीच ताडून पाहत असे. प्रवेश घेतल्यावरचे पहिले सात दिवस नुसती नोंद व्हायची. त्याला 'पायाचा आठवडा' म्हणत. त्या आठवड्यातली पातळी ती त्या मुलाची नेहमीची पातळी. तिच्या किती वर गेलं यावर दिवा पिवळा किंवा लाल व्हायचा.

कायद्याने लाल दिव्याला थांबा म्हटलं होतं. हिरव्याबद्दल कायदा काही बोलला नव्हता. संस्थांनी ती जागा भरली. मूल लाल नाही, म्हणजे त्याच्यात अजून जागा आहे. ती किती, हे गणिताने काढता येतं. त्या आकड्याला 'शिल्लक' असं नाव पडलं. शिल्लक साठाच्या वर गेली की दुसऱ्या दिवशी एक चाचणी आपोआप वाढायची. थकवा ही सांगायची गोष्ट राहिली नाही. "दमले" असं मूल म्हणालं, तर आई फोन बघे आणि म्हणे, "कुठं दमलीस? चौसष्ट आहे की अजून."

आणि गल्लीतल्या आयांनी पायाच्या आठवड्याचा उपाय शोधला होता. तो कुणी शोधला हे आता कुणालाच आठवत नव्हतं. पापडाच्या पिठाचं प्रमाण सांगावं तसा तो जुनी आई नव्या आईला सांगत असे. त्या सात दिवसांत मुलाला साडेतीनला उठवायचं. गार पाण्याने आंघोळ. रोज एक अवघड पेपर, आणि निकाल कसाही आला तरी वाईटच आला असं सांगायचं. घरी फोन करू द्यायचा नाही. म्हणजे पाया उंच बसतो, आणि मग दोन वर्षं दिवा लाल होत नाही. "सात दिवस काळीज घट्ट कर," असं वरच्या मजल्यावरच्या अनुराधा शिंगडेने महानंदाला सांगितलं होतं, "मग बघ, लेकरू पळतंय." महानंदाने सातही दिवस ते केलं. चौथ्या दिवशी तन्मयी "आई, मी काय केलंय?" असं विचारत मोरीच्या दारात रडली होती. त्या दिवशीची नोंद पायाच्या आठवड्यात सगळ्यात उंच होती.

त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला अनुराधाची मुलगी स्नेहल शिकवणीच्या रस्त्यावर, भर चौकात खाली बसली. गाड्या थांबल्या, हॉर्न वाजले. दोघा भाजीवाल्यांनी तिला उचलून कडेला आणलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पाय माझे नाहीत."

महानंदा धावत वर गेली तेव्हा अनुराधा पलंगाच्या कडेवर फोन घेऊन बसली होती आणि स्नेहल छताकडे बघत होती.

"हिरवं होतं गं," अनुराधा म्हणाली. "सकाळी मी बघितलंय. त्र्याहत्तर. आत्ता बघ, पंचाहत्तर. मशीन म्हणायली हिला काहीच झालं नाही."

"डॉक्टरांना बोलावलंस?"

"ते पण आधी पट्टी बघतेत. म्हणाले, हट्ट करायली असंल."

महानंदाने स्नेहलचा हात धरला. हात थंड होता, नाडी संथ होती. तिने सहज विचारलं, "हिची पाळी?"

"नाही ना. दिवाळीपासून." अनुराधाने आवाज खाली आणला. "बरंच आहे म्हणलं, परीक्षेच्या दिवसांत कटकट नको. तुझ्या तनूची?"

तन्मयीची तीन महिने नव्हती. महानंदालाही मनातल्या मनात तेच वाटलं होतं : बरंच आहे. वीस वर्षं दुसऱ्यांचं रक्त तपासलेल्या बाईला ते वाटलं होतं. ती खाली आली आणि रिकाम्या खोलीत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच दहाला तिने तन्मयीला ब्रश करण्याआधी एका स्वच्छ नळीत थुंकायला सांगितलं. अर्ध्या तासाने पुन्हा. दुपारी चारला संस्थेच्या फाटकाशी जाऊन तिसऱ्यांदा.

"कशाला?" असं तन्मयीने एकदाही विचारलं नाही.

तिन्ही नळ्या घेऊन ती सिद्राम हालगेच्या प्रयोगशाळेत गेली. सिद्राम पदविकेला तिच्या वर्गात होता. बाजारपेठेत त्याची स्वतःची छोटी प्रयोगशाळा होती. संध्याकाळी त्याने कागद तिच्यासमोर ठेवला आणि चष्मा काढला.

"कोण पेशंट हा? म्हातारा आहे का कुणी?"

"तू आकडे सांग."

"उठल्यावर चार पूर्णांक दोन. अर्ध्या तासाने चार पूर्णांक चार. दुपारी तीन पूर्णांक नऊ." त्याने कागदावर बोटाने आडवी रेघ ओढली. "डोंगर कुठंय, महानंदा? माणूस उठला की अर्ध्या तासात दीडपट चढायला पाहिजे. मग दिवसभर उतरत जातं. इथं पठारच आहे नुसतं. वर्षानुवर्षं ताणात काढलेल्या माणसांत असं दिसतं कधी कधी. यंत्रणा हाक मारून मारून थकते आणि मग हाक मारणंच सोडते."

"वय सतरा," महानंदा म्हणाली.

सिद्रामने आतून पाण्याचा पेला आणून दिला.

घरी जाताना तिला सगळं सरळ दिसलं. ते गुंतागुंतीचं नव्हतंच. तिने पाया उंच बांधला होता. म्हणून तन्मयीचा ताण वाढत होता तेव्हा पट्टीला तो नेहमीचाच वाटला. मग शरीर थकलं, कॉर्टिसॉल खाली गेलं, आणि पट्टीने त्याला विश्रांती समजून शिल्लक वाढवली. शिल्लक वाढली म्हणून चाचण्या वाढल्या. जितकी मुलगी संपत होती तितका दिवा हिरवा होत होता. पट्टीत काही बिघाड नव्हता. नमुनाच खोटा दिलेला होता. आणि रुग्णालयातल्या प्रत्येक नव्या शिकाऊ मुलीला महानंदाने पहिल्या दिवशी शिकवलेलं एकच वाक्य होतं : नमुना चुकला की पुढचं सगळं खोटं.

संस्थेत 'क्षमता समुपदेशक' म्हणून नितीन पाखरे नावाचा तिशीतला माणूस होता. दुसऱ्या दिवशी महानंदाने दिलेला सिद्रामचा कागद त्याने दोनदा वाचला.

"बाहेरची तपासणी आम्हाला धरता येत नाही, मॅडम. कायद्यात पट्टीचीच नोंद ग्राह्य आहे."

"मग पट्टीचा पाया पुन्हा घ्या."

"पाया एकदाच घेता येतो." त्याने कागद तिच्याकडे परत सरकवला. "रद्द करता येतो. पण त्याला पालकाचं लेखी निवेदन लागतं, की पहिल्या आठवड्यात फेरफार केला होता. तसं आलं, की विद्यार्थ्याला तीस आठवडे कुठल्याच संस्थेत शिकवता येत नाही. सक्तीची विश्रांती."

"परीक्षा आठ आठवड्यांवर आहे."

"परीक्षेला बसता येईल. पण शिकवणी नाही, चाचण्या नाहीत. काय होतं ते तुम्हाला माहीत आहे." त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण नंतर तुम्ही म्हणाल सांगितलं नाही. एक, तुम्ही आरोग्य खात्यात आहात. नमुन्यात फेरफार केल्याचं तुमच्या सहीने लिहून दिलं, तर ते खात्याकडे जातं. दुसरं, एका वर्गात असं एक निवेदन आलं, की सगळ्या साठ मुलांचे पाये तपासायला घ्यावे लागतात."

"तपासले तर काय सापडेल, हे तुम्हाला माहीत आहे?"

पाखरेने टेबलावरचं पेन उचलून खिशाला लावलं. "मला इथं तीन वर्षं झाली, मॅडम," एवढंच तो म्हणाला.

ती गल्लीत पोचायच्या आधी संस्थेतून बातमी पोचली होती. पाण्याच्या टाकीपाशी सात-आठ जणी उभ्या होत्या.

"काय गं, लिहून देणार म्हणं तू?" कोपऱ्यातल्या खोलीतल्या वंदना बिडवेने विचारलं. तिचा मुलगा वर्गात दुसरा होता.

"अजून ठरवलं नाही."

"ठरवू नकोस. तुझी पोरगी नाजूक निघाली, त्यात आमच्या लेकरांचा काय दोष?"

"वंदना, तुझ्या मुलाचीही लाळ तपासून घे. फक्त तीन नळ्या लागतात."

"माझा मुलगा हिरवा आहे."

"तेच सांगतेय मी."

"शिकवू नकोस! साडेतीनला पोरीला उठवताना कुठं गेलं होतं तुझं तपासणं? तेव्हा थंड पाणी तू ओतलंस का आम्ही?"

महानंदा जिना चढली.

बसवराजचा फोन तीनदा येऊन गेला होता. तिने उचलला.

"गल्लीतून फोन आला होता, सगळं ऐकलं मी," तो म्हणाला. "हे बघ, आठच आठवडे राहिलेत. पावणेदोन वर्षं काढली आपण. ओढून ने कसंतरी. परीक्षा झाली की झोपू दे की तिला महिनाभर."

"ती झोपतेच आहे हो. उभ्याउभ्या झोपते."

"आणि तुझी नोकरी गेली तर? मग काय करशील तू?"

"माहीत नाही."

"तिला तरी विचारलंस का? एवढं तिच्या आयुष्याचं ठरवायलीस."

तो हे रागाने म्हणाला, पण म्हणणं बरोबर होतं. तन्मयी आली तेव्हा महानंदाने तिला समोर बसवलं, हातात दुधाचा पेला दिला आणि पाया, पठार, निवेदन, तीस आठवडे हे सगळं तिला एकेक करून सांगितलं. काही लपवलं नाही. त्या सात दिवसांचंही सांगितलं. तन्मयी ऐकत होती. दुधावर साय धरली.

"मग काय करू या? घरी जाऊ या?"

"चालेल."

"की परीक्षेपर्यंत थांबू या? तुझं स्वप्न होतं ना गं ते."

"चालेल."

"तनू, दोन्ही कसं चालेल? तुला काय हवंय?"

तन्मयीने कपाळाला आठ्या घातल्या. विसरलेलं सूत्र आठवावं तशी ती काही क्षण खरोखर शोधत राहिली. मग तिने पेला खाली ठेवला.

"मला विचारू नकोस ना, आई," ती म्हणाली. "विचारलंस की मी आत बघते, आणि आत कुणीच नसतं. भीती वाटते. तू सांग, मी करते. तू साडेतीन म्हणालीस तेव्हा साडेतीनला उठलेच होते की मी."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. महानंदाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मणके बोटांना एकेक करून मोजता आले असते. तिने मुलीला विचारणं थांबवलं. ज्याच्यात उत्तर देण्याची ताकद आपण ठेवली नाही, त्याच्याकडून संमती मागणं हाही एक प्रकारचा पेपरच होता.

तन्मयी झोपायला गेल्यावर महानंदाने ओट्यावर वही उघडली आणि रुग्णालयात अहवाल लिहीत असे तसं लिहिलं. वर नाव, वय, पट्टीचा क्रमांक. खाली सात दिवस, एकाखाली एक. उठवण्याची वेळ. पाण्याचं तापमान अंदाजे. दिलेले पेपर, खरे गुण आणि मुलीला सांगितलेले गुण. चौथ्या दिवसापुढे तिने लिहिलं, 'विद्यार्थिनी रडली. प्रक्रिया थांबवली नाही.' कारणाच्या जागी तिचं पेन थोडा वेळ थांबलं. 'इतर सर्व करतात म्हणून' हे तिने लिहून खोडलं, आणि मग खोडलेल्याच्या वर तेच पुन्हा लिहिलं, कारण तेच खरं होतं. शेवटी तिने आपलं पद, रुग्णालयाचं नाव लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती संस्थेच्या कार्यालयात गेली. खिडकीतल्या लिपिकाने निवेदन न वाचताच शिक्का उचलला, मग वरची ओळ वाचली आणि शिक्का हवेतच राहिला.

"बाई, एकदा आवक झाली की परत मिळत नसतंय हे."

"माहीत आहे. माझ्या प्रतीवर पोच द्या."

त्याने पोच दिली. वर्गातून बोलावून आणलेली तन्मयी बाकावर बसली होती. महानंदाने तिला रिक्षाने खोलीवर आणलं, खोबरेल तेलाचं बोट पट्टीच्या कडेवरून फिरवलं आणि ती हळूहळू सोलून काढली. खाली पांढुरका चौकोन होता. कातडी तिथे लहान मुलाची असावी तशी मऊ होती. पट्टीचा दिवा आणखी काही क्षण हिरवा राहिला आणि विझला.

"किती वाजेपर्यंत झोपू?" तन्मयीने विचारलं.

"किती वाजेपर्यंत असं काही नाही."

"पण किती?"

महानंदाने तिच्या अंगावर चादर ओढली. आकडा ऐकल्याशिवाय तिला झोप लागणार नव्हती, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. "चार," महानंदा म्हणाली, आणि तन्मयीने लगेच डोळे मिटले.

दार ओढून घेऊन महानंदा बाहेर जिन्याच्या पायरीवर बसली. वंदना बिडवे खाली येऊन उभी राहिली. तिने बोलायला तोंड उघडलं, तसं महानंदाने ओठांवर बोट ठेवलं आणि दाराकडे पाहिलं. वंदना तरातरा निघून गेली. तिच्यासोबत आलेल्या दोघीही गेल्या. फोनवर खात्याचा पहिला निरोप येऊन पडला होता. तिने तो वाचला आणि फोन पालथा ठेवला.

बाराच्या सुमाराला अनुराधा वरून उतरली. मंगळवारपासून तिने केस विंचरले नव्हते. ती एक पायरी सोडून खाली बसली.

"झोपली?"

"हो."

"स्नेहल अजून तशीच वर बघायली." अनुराधाने गुडघे हातांनी कवळले. "तो उपाय मीच सांगितला तुला."

"मी केला."

"तू वेळ काय लिहिलीस? पहिल्या दिवसाची?"

"साडेतीन."

"आमची पण साडेतीनच." तिने तळहाताने तोंड पुसलं. "बाकीचं मला आठवंल का गं सगळं?"

"आठवतं," महानंदा म्हणाली. "बसलं की आठवतं."

तिने आत जाऊन, पाय न वाजवता, ओट्यावरची वही आणली, मधलं जोडपान काढलं आणि पेनासकट अनुराधाच्या मांडीवर ठेवलं.